शेवटच्या रांगेतला रुमाल

रंगीत तालमीला दिग्दर्शिकाबाई आपल्या आईला हटकून शेवटच्या रांगेत बसवायच्या. ऐकू आलं नाही की आईने रुमाल वर करायचा, आणि मग नटांची काही खैर नसायची. गेल्या पाच नाटकांत रुमाल एकदाही वर गेला नव्हता, म्हणून बाई चारचौघांत मिरवत होत्या.

आज कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आईंना कित्येक वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही.

बाईंचा पारा चढला. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी हातवारे करत आईला विचारलं, "मग रुमाल का नाही वर केलास?"

आई लेकीच्या ओठांकडे बघत म्हणाली, "अगं, ऐकू नाही आलं तरी सगळं कळत होतं की! कळलं नसतं, तर उभी राहून हलवला असता."