काकांची कोरडी विहीर

२००७च्या उन्हाळ्यात वडिलांचे धाकटे भाऊ संजीवकाका अमेरिकेत फ्रीमाँटला राहायला आले आणि ऋषीच्या घरात प्रश्नांचा नुसता पाऊस सुरू झाला. डिशवॉशर आतून बघून झाला, गराज उघडणारं बटण झालं. शनिवारी काका ऋषीच्या लॅपटॉपकडे वळले.

"हे हिरवं काय रे?"

"कार्बन डायऑक्साइड, काका. कारखान्याच्या चिमणीत कॅप्चर करायचा आणि रिकाम्या तेलसाठ्यात पंप करायचा. आखातातल्या एका देशाला हवंय. सोमवारी प्रेझेंटेशन आहे. क्लायंट हो म्हणाला की प्रोजेक्ट मी लीड करणार!"

आजवर दुसऱ्यांची कॉम्प्युटर मॉडेलं दुरुस्त करून ऋषी विटला होता. हे पहिलंच त्याचं स्वतःचं.

"म्हणजे तेल विकायचं आणि धूर परत पुरायचा. भले! पण तो खाली राहतो कशाने?"

"वर जाड खडकाचं झाकण आहे. आणि जुन्या विहिरी सगळ्या सिमेंटने सील केल्यात."

काका आखातात ड्रिलिंग इंजिनिअर होते. तेलक्षेत्राचं नाव वाचून त्यांनी खुर्चीच ओढली. "इथे पूर्वेच्या टोकाला माझी विहीर होती. ती कुठाय?"

"तिथे विहीर नाहीये."

"नाहीये कशी? मी खणलीय! ते झाकण फोडून खाली गेलो, तर तेलाचा थेंब नाही. तुझा बाप अजून चिडवतो. कंपनीने खोदायची रिग हलवली, भोक तसंच सोडलं. कोरड्या विहिरीला नकाशात कोण जागा देतो?"

काका थापा मारत असावेत, अशी ऋषीने मनोमन प्रार्थना केली. सोमवार उरकू दे, मग बघू, असंही वाटून गेलं. पण काय होईल हा किडा एकदा डोक्यात शिरला की माणसाला स्वस्थ कुठे बसवतं!

काकांनी बोट ठेवलं तिथे त्याने ठिपका दिला आणि मॉडेल पुन्हा रन केलं. बायकोने, आश्लेषाने, चहा आणून ठेवला. तो तसाच निवला. हिरवा रंग आधी शहाण्यासारखा पसरला. मग पूर्वेकडे सरकला, ठिपक्याशी पोचला आणि सरळ वर निघाला.

"गेलं प्रोजेक्ट," ऋषी म्हणाला. तरी त्याने फाइल सेव्ह केली आणि ठिपक्याशेजारी नाव टाइप केलं: संजीव.

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नजर मात्र स्क्रीनवरून हलेना.

"इतक्या वर्षांनी," ते हळूच म्हणाले, "माझ्या विहिरीतून काहीतरी वर आलं रे."