आठशे बत्तीस

यंत्राचं ऐकावं की बापाचं, हा प्रश्न कुणावर येऊ नये. तिच्यावर तो भर कामाच्या वेळी, अकरा चाळीसला आला.

ती तेलडेपोच्या मापखोलीत कामाला होती. वडील त्याच पाइपलाइनवर चाळीस किलोमीटर मागे, पंपावर. एकाच पाइपातून आधी डिझेल यायचं, त्याच्या पाठोपाठ पेट्रोल. पेट्रोल हलकं, त्यामुळे ते आलं की भिंतीवरच्या फ्लो कॉम्प्युटरवर घनतेचा आकडा आठशे बत्तीसवरून सातशे चाळीसवर घसरायचा. तो घसरला की तिने लगेच व्हॉल्व्ह फिरवून पेट्रोल दुसऱ्या टाकीत वळवायचं. हयगय झाली तर डिझेलची अख्खी टाकी नासली.

"पहाटे चारला सोडलंय, साडेअकराला तुझ्या दारात," वडील म्हणाले होते.

साडेअकरा वाजून गेले, पण आकडा आठशे बत्तीसच.

तिने फोन लावला. "बाबा, पेट्रोल कुठाय?"

"अगं, तिथेच असणार! जाईल कुठे?"

"इथे डिझेलच दाखवतंय."

"थांब, पुन्हा मोजतो." कागदाची सळसळ ऐकू आली. "साडेअकराच येतंय गं."

आता काय बोलायचं? गेले दोन महिने वडील विसरत होते. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून झोपले होते. 'बाबांना आता झेपत नाही,' असं तिनेच भावाला सांगितलं होतं. तोंडातून निघून गेलं, "बाबा, तुम्ही काहीतरी घोळ घातलाय. यंत्र कशाला चुकेल?"

"असेल बाई. हल्ली माझंच काही खरं नाही." फोन बंद झाला.

ती स्क्रीनकडे बघत बसली. प्रवाह चारशे दहा, चारशे बारा, चारशे नऊ. तापमानही खालीवर होत होतं. घनता मात्र ढिम्म हलत नव्हती. डिझेलसुद्धा कधी इतकं शहाण्यासारखं वागत नाही! तिचं डोकं चक्रावलं. मग घोडं पेंड खातंय कुठे?

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणत ती बाटली घेऊन पाइपावरच्या नमुन्याच्या नळाकडे धावली. नळ सोडला मात्र, भपकन वास आला. पेट्रोल! तिने पळत जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. तोवर बावीस मिनिटं पेट्रोल डिझेलच्या टाकीत गेलं होतं.

खोलीत येऊन तिने बटणं दाबली, तेव्हा कळलं. सकाळी घनतामापक साफ करायला काढताना, यंत्राचा हिशोब थांबू नये म्हणून तिनेच आठशे बत्तीस हा आकडा हाताने भरला होता, आणि मापक परत बसवल्यावर तो काढायला विसरली होती. इतका वेळ यंत्र तिचाच आकडा तिला वाचून दाखवत होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिने पुन्हा फोन लावला. "बाबा, तुमचं बरोबर होतं. चूक माझी. आकडा मीच अडकवून ठेवला होता."

"असं होय," वडील सावकाश म्हणाले. "मी आत्ताच साहेबांना सांगून आलो, मला आता हिशोबाला बसवू नका म्हणून."

"अहो, आधी परत जा! सांगा त्यांना, तुम्ही चुकला नव्हतात!"

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस ना?"

"नाही हो बाबा! शपथ!"

"असू दे गं. गुणाची पोर आहेस," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.