सासूला नावाने हाक

उद्या दुपारची फ्लाइट आणि सासूबाईंची बॅग आजच भरून दाराशी उभी. मला ती बॅग बघवत नव्हती. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये माझ्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. आठवा महिना, पाय सुजलेले, पण एका जागी बसवेल तर शपथ!

"मुग्धा, बस ना जरा," मातेओ म्हणाला. हा माझा नवरा, कोलंबियाचा. अबू धाबीत एकाच ऑफिसात भेटलो आणि अल रीम आयलंडवर संसार थाटला.

"मग विचार ना तुझ्या आईला, डिलिव्हरीपर्यंत थांबतेस का म्हणून!"

"तूच विचार. एवढी स्पॅनिश शिकलीस ती कशासाठी?"

हे बरं आहे! माझ्या आईचं पुण्यात नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला येणं शक्य नव्हतं. बाळंतपणात घरात कुणी मोठं बाईमाणूस नसणार होतं. पण सासूला काय विचारायचं? सून पोटुशी आहे म्हटल्यावर सासू थांबतेच. खलास! त्यांना कळायला नको?

आणि स्पॅनिश तर मी अगदी घोकून शिकले होते. लंच ब्रेकमध्ये ऑनलाइन क्लास, ड्राइव्ह करताना ऑडिओ. मातेओच्या घरी कुणालाच इंग्लिश येत नाही, मग करते काय? सासूबाई आल्यापासून भाजी, उकाडा, बाळाचे कपडे, सगळं मी त्यांच्याच भाषेत बोलत होते.

काहीतरी हाताला हवं म्हणून धुतलेले टॉवेल उचलले आणि त्यांच्या खोलीकडे गेले. दार अर्धवट उघडं होतं. त्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या.

"मुलगी चांगली आहे गं, पण आल्यापासून तिने मला एकदा हाक मारलेली नाही. पिलार म्हण, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नाही म्हणजे नाहीच. मी इथे कुणी नाही. जाते आपली उद्या."

शब्द न् शब्द कळला मला. कशाला शिकले ही भाषा, असं झालं.

त्यांच्याकडे सगळे एकमेकांना नावानेच बोलावतात, हे मला ठाऊक होतं. पण सासूला नावाने? जीभ झडेल माझी! माझ्या आईने तिच्या सासूला जन्मभर 'अहो आई' म्हटलं. स्पॅनिशमध्ये ते 'अहो' आणू कुठून? 'सेन्योरा', म्हणजे मॅडम, म्हणावं तर दुकानात आल्यासारखं वाटायचं. म्हणून मी हाकच मारत नव्हते. खोकायचे, नाहीतर समोर जाऊन उभी राहायचे. वर मनात म्हणायचे, बघा किती मान ठेवते मी!

माझं डोकंच फिरलं. दार ढकलून आत गेले.

"आमच्यात मोठ्यांचं नाव घेत नाहीत!" मी ओरडलेच. मोडकीतोडकी स्पॅनिश आणि वर रडू. "घेतलं तर अपमान होतो!"

सासूबाईंनी फोन बंद केला. "आणि हाकच नाही मारली, तर मान होतो?"

टॉवेलनेच तोंड पुसलं.

"पिलार," मी म्हटलं. कानशिलं तापली. आईने ऐकलं असतं तर गुडघा विसरून उठली असती.

"हं, काय?" त्या म्हणाल्या. इतक्या सहज, की मला पुन्हा रडू फुटलं.

"पिलार, जाऊ नका ना. मला फार भीती वाटतेय. बाळ होईपर्यंत थांबा."

त्या उठल्या, माझ्या हातातले टॉवेल घेऊन बाजूला ठेवले आणि मला धरून पलंगावर बसवलं.

"वेडे, एवढंच ऐकायला थांबले होते मी," त्या म्हणाल्या. "मराठीत म्हणाली असतीस, तरी कळलं असतं."