भिंगाचा गाभा

आईने डोक्यावरची हिरवी टोपी ओढून काढली, तिची नीट घडी घातली आणि उशीवर ठेवून दिली.

"मला नाही करायचं ऑपरेशन."

थेंबांची बाटली हातात धरून नर्स उभीच राहिली. हा घोळ कुणी घातला ते लेकीला पक्कं ठाऊक होतं. तिनेच.

दोन वर्षं ती आईच्या विनवण्या करत होती. आईचा मोतीबिंदू पिकत चालला होता. कपाऐवजी हातावर उकळतं पाणी ओतून झालं, पायरी चुकून गुडघा फोडून झाला, तरी "मला दिसतंय सगळं" हा हेका काही सुटेना. शेवटी एकदाची तयार झाली. आणि आज खाटेवर बसल्या बसल्या ती सारखी "दुखेल का गं?" विचारायला लागली, म्हणून तिचं मन दुसरीकडे वळवावं या सद्हेतूने लेक बोलू लागली. आता अशा वेळी माणसाने पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात की नाही? पण ही पडली प्रयोगशाळेतली बाई. उंदरांना ओळखता येतील असे अणू घालून खूण केलेला दाणा चारायचा आणि ती खूण कुठल्या अवयवात किती लवकर पोचते ते पाहायचं. त्यावरून शरीर कुठलं प्रथिन किती दिवसांत बदलतं ते कळतं. हाच तिचा जन्माचा उद्योग.

"यकृतातली प्रथिनं म्हणशील तर काही दिवसांतच निम्मी नवी," ती रंगात येऊन सांगत होती. "स्नायू जरा रेंगाळतात. पण सगळीकडे डागडुजी चालूच असते बघ. फक्त डोळ्यातल्या भिंगाचा गाभा तेवढा बदलत नाही. तू तुझ्या आईच्या पोटात असताना जो तयार झाला, तोच अजून आहे. जुना झाला म्हणून गढुळला, एवढंच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईची आई तिला जन्म देऊन दुसऱ्याच दिवशी गेली होती. मावशीने वाढवलं. मागे ना एखादा फोटो राहिला, ना एखादं भांडं.

"म्हणजे तिच्या हातचं एवढंच उरलंय," आई आता म्हणाली. "एक दिवस तरी पाहिलं असेल मी तिला. ह्यातूनच पाहिलं असेल ना? आणि तू ते काढून टाकायला निघालीस!"

"अगं, एका दिवसाच्या बाळाला काय दिसणार?"

"काय दिसतं? तूच सांग. तू शिकलीयस."

तान्ह्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचं धूसर दिसतं. म्हणजे नेमका कुशीत घेणारीचा चेहरा. हे लेकीला माहीत होतं, पण आत्ता ते बोलायची तिची छाती होईना.

"आमचे प्रयोग उंदरांवरचे गं," ती म्हणाली. "माणसांत तसं नसेलही."

"खोटं बोलताना चष्मा वर ढकलायची सवय तुझी अजून गेली नाही. हात वर गेलेला दिसतो मला."

"बरं, दुसऱ्या डोळ्यातलं तर राहीलच की!"

"त्याचा नंबर पुढच्या महिन्यात कुणी लावलाय?"

नर्सने घसा खाकरला. "आजी, डॉक्टर हात धुऊन उभे आहेत आत."

"मग पुसून घ्यायला सांगा."

लेक मटकन स्टुलावर बसली. आता हिला ओढून तर नेता येत नाही. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. तिला रडू आवरेना. ही आंधळी होईल, घरातल्या घरात चाचपडत राहील, आणि हे सगळं आपल्या जिभेपायी. आई शांतपणे समोर पाहत होती. लेक रडतेय हे तिला दिसतच नव्हतं.

"चल, घरी जाऊ," लेक हुंदका देत म्हणाली.

आईचा हात चाचपडत पुढे आला. आधी खांदा लागला, मग ओला गाल.

"वेडे," ती म्हणाली. तिने तळव्याने तो गाल पुसला. मग तिने विचारलं, "तुझं गं? तुझं भिंग कधीचं?"

"सगळ्यांचं तसंच असतं, आई. माझं तुझ्या पोटातलं."

आईने तिची हनुवटी धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि अगदी जवळ ओढून घेतलं. नाकाला नाक लागायचंच बाकी होतं. तिने लेकीच्या डोळ्यांत एकदा पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"काही दिसत नाही गं," ती हळूच म्हणाली. "नुसतं धुकं."

मग ती मागे सरकून बसली. हाताने चाचपून उशीवरची टोपी शोधली आणि नर्सच्या दिशेने पुढे केली.

"नीट बसवा. मघाशी कानाला रुतत होती."

नर्सने राहून गेलेला थेंब घातला. आईने डोळे मिटून घेतले.

"पट्टी काढतील तेव्हा समोर तू उभी राहा," ती लेकीला म्हणाली. "जवळ. आणि तो चष्मा काढून."