तांदळातलं नाव

गोदूबाईने सुनेला माहेरच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, तेव्हाच राहीने ओळखायला हवं होतं की घरात काहीतरी शिजतंय.

लग्नात भिकाजी चोगल्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, गुणवंती. हर्ण्याचं अर्धं गाव मांडवात होतं. माहेरची राही त्या ताटात संपली. घरात, विहिरीवर, संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात ती गुणवंती झाली. आणि इतक्या वर्षांनी एके सकाळी सासू स्वयंपाकघरातून ओरडली, "राही, मीठ संपलंय गो."

"माझं नाव इसरलात काय, आई?"

"माहेरचं नाव कधी कधी गोड लागतं," गोदूबाई म्हणाली आणि भांडी आपटायला लागली.

त्याआधी काही महिने तालुक्याहून एक पोलीस जमादार चौकशीला येऊन गेला होता. भिकाजी बहारीनला टग बोटीच्या इंजिनावर होता. बायकोचा पासपोर्ट काढतोय, असं त्याने कळवलं होतं. जमादाराने चहा घेतला आणि विचारलं, "गुणवंती भिकाजी चोगले तुम्हीच?" राहीने हो म्हटलं आणि बोट दाखवलं तिथे सही केली. कागद दुमडलेला होता. वरच्या बाजूला कुणाचा फोटो चिकटवलाय, हे तिने पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिने दापोलीहून एक पत्र्याची ट्रंक आणली.

पासपोर्ट आला नाही. गोदूबाई म्हणायची, सरकारी काम आहे, वेळ लागतो. मग ती हाक बदलली. आणि मग, ट्रंकेत सुके बोंबील भरायला लागल्यालाही बरेच दिवस झाले होते तेव्हा, बहारीनहून परतलेली एका खलाशाची बायको सखू तिच्या शेजारी येऊन बसली.

"राग मानू नको," सखू म्हणाली. "तिथं तुझ्या दादल्याची गुणवंती बाळंत झाली. मुलगा. मी पेढा खाल्ला तिच्या हातचा. आणि तू इथं बोंबील निवडतेयस."

राहीने हातातला बोंबील पाटीत टाकला. पुढचा उचलला. तिच्या सहीवर दुसरी बाई विमानात बसली होती. बायको म्हणून नाव तिचं, कूस दुसरीची. वांझ म्हणून तिला गावात आधीच ऐकावं लागत होतं. आता कुठल्यातरी दूरच्या इस्पितळात तिच्या नावावर मूल जन्मलेलं होतं आणि तिला बारशाचं बोलावणंही नव्हतं. ती रडली नाही. मासा ताजा असताना मीठ लावलं तर वर्षभर टिकतो, हे तिला माहीत होतं. रागालाही तिने तसंच लगोलग मीठ लावून ठेवलं.

बाजाराच्या दिवशी ती दापोलीला गेली. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज टाइप करून देणारे एक म्हातारे गृहस्थ बसत. तिने विचारलं, परदेशात जन्मलेलं पोर कुठलं?

"जन्म तिथला म्हणून तिथली सरकारं त्याला आपलं म्हणत नाहीत," ते म्हणाले. "बाप भारतीय, तर पोर भारतीय. वकिलातीत जन्माची नोंद करायची. पोराचं नाव आईच्या पासपोर्टावर चढवतात. आई जाईल तिकडे पोर जाईल. त्याचा वेगळा पासपोर्ट काढायचा तर आईबापांच्या सह्या लागतात. कुणासाठी विचारताय?"

"शेजारणीसाठी."

समोरच फोटो स्टुडिओ होता. तिने स्वतःचे फोटो काढून घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि घरी येऊन पाट्यावर वाटण वाटायला बसली.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात भिकाजी आला. बरोबर ती बाई आणि दोनेक वर्षांचा मोरेश्वर, म्हणजे मोरू. गोदूबाईने नातवाचं जावळ कुळदेवीपुढे काढायचा नवस केला होता. बाईचं खरं नाव मैना. बहारीनात ती गुणवंती होती. हर्ण्यात पाऊल टाकताच पुन्हा मैना झाली, कारण हर्ण्यात गुणवंती आधीच होती. गावाला दुसरी बायको कळत होती. बायकोला मूल नसलं की पुरुष दुसरी करतो, यात गावाला नवल वाटलं नाही. दुसरीने नाव कुणाचं नेलं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

"ताई, मला सगळं माहीत नव्हतं," मैना पहिल्याच दिवशी म्हणाली.

"किती माहीत होतं?" राहीने विचारलं.

मैना भात कालवत राहिली. राहीने तिच्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली.

जावळासाठी दाभोळची खाडी ओलांडून अंजनवेलच्या बाजूला जायचं होतं. निघायच्या सकाळी मैना न्हाणीत होती आणि भिकाजी शेजाऱ्याला रेडिओ दाखवत होता. राहीने त्यांच्या पिशवीतून पासपोर्ट काढला. आत मैनेचा फोटो, फोटोशेजारी तिचं स्वतःचं नाव, आणि पुढच्या पानावर शाईने चढवलेलं पोराचं नाव. मोरूला या जगात कुठेही जायला तेवढी एक ओळ होती. चुलीवर पेजेचं भांडं होतं. तिने पासपोर्ट लाकडांच्या मध्ये सरकवला. पुठ्ठा जळायला वेळ लागला, पण जळला. त्याच जाळावर मोरूची पेज झाली आणि मोरूने ती चाटूनपुसून खाल्ली.

परतल्यावर शोधाशोध झाली. खाडी ओलांडताना पिशवी कलंडली होती, हे भिकाजीलाच आठवलं. राहीला एक शब्दही खर्च करावा लागला नाही. त्याने हरवल्याची तक्रार दिली, मुंबईला जाऊन पूर्वीच्याच एजंटाला गाठलं आणि नवा अर्ज केला. नाव गुणवंती, फोटो मैनेचा, बरोबर पोराचा जन्मदाखला. रजा वाढवून घेतली. आता पुन्हा चौकशी येणार होती.

गोदूबाई सुनेला म्हणाली, "चार दिवस माहेरी जाऊन ये. तुझ्या भावाची आठवण काढत होतीस."

"जाईन की," राही म्हणाली. आणि पाटी उचलून लिलावाला गेली. रोज हेच. सासू म्हणे जा, सून म्हणे जाते.

तिचा हिशोब सोपा होता. संध्याकाळी हर्ण्यात कुणालाही कुणाचं घर विचारायचं तर किनाऱ्यावरच यावं लागतं, कारण घरांना कड्या लागलेल्या असतात आणि गाव वाळूवर असतं. होड्या आत उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात, आणि ओल्या वाळूवर पाट्यांभोवती कोंडाळी होतात. जमादार आला तेव्हा भागोजी लिलाव पुकारत होता.

"झाली! ही पाटी गुणवंतीची. उचल गो, का आता पालखी पाठवू?"

जमादार थांबला. हा नवीन होता, चपला हातात घेऊन वाळू चुकवत चालणारा. "कोण गुणवंती? भिकाजी चोगल्यांची?"

"मीच."

त्याने कागद उघडला, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "हा फोटो तुमचा नाही."

"नाय. आमच्या घरी पाहुणी आलीय, तिचा हाय."

शेजारच्या बायका पाट्या सोडून जवळ आल्या.

"नवऱ्याचं नाव?" जमादाराने दरडावलं.

"आता घे नाव!" सखू मागून म्हणाली. "उखाण्यात घे गो, साहेबांना पण ऐकू दे."

बायका हसल्या. हर्ण्यात बाई नवऱ्याचं नाव मंगलकार्यातच घेते, तेही आढेवेढे घेऊन. राहीने पाटीतल्या माशाचं नाव सांगावं तसं सांगितलं, "भिकाजी रामा चोगले. तो काय तिथं, धोंडूच्या गाडीमागं उभा हाय. बैल हलला म्हणून दिसला."

भिकाजीला पुढे यावं लागलं.

"या कोण तुमच्या?"

भिकाजीने आजूबाजूला पाहिलं. भोवती गाव होतं.

"अरे बोल की," भागोजी म्हणाला. "तांदळाचं ताट मी धरलं होतं तुझ्या लग्नात. अंगठी निसटली तुझी, ती पण मीच शोधून दिली. हात तुझा होता, अक्षर तुझं होतं."

"बायको," भिकाजी म्हणाला. "फोटोची चूक झाली, साहेब. एजंटाने भलताच लावला."

जमादाराने कागदावर बोट फिरवलं. "आणि हा मोरेश्वर? जन्म बहारीन. हा यांचाच?"

राहीने नवऱ्याकडे पाहिलं. गेल्या दहा वर्षांत तिने त्याच्याकडे इतका वेळ सरळ पाहिलं नव्हतं. "सांगा की," ती म्हणाली. "साहेब लांबून आलेत."

"यांचाच," भिकाजी म्हणाला. हे त्याने इतकं हळू म्हटलं की जमादाराने पुन्हा विचारलं, आणि त्याला ते गावादेखत दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"मग अर्ज नवा भरा. बाईंचे फोटो काढून आणा."

"फोटो हायत," राही म्हणाली आणि कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडायला लागली.

रजिस्टर्ड पोस्टाने आलेलं पाकीट पोस्टमनने सुकवणीच्या दोऱ्यांखाली तिच्याच हातात दिलं. भिकाजीची रजा तोवर पुन्हा संपत आली होती. त्या दुपारी तो ओटीवर बसला, मैना दाराच्या आडोशाला मोरूला मांडीवर घेऊन, आणि गोदूबाई दोघांच्या मध्ये.

"बरं, जिंकलीस," भिकाजी म्हणाला. "तूच चल. पोराला घे. मैना राहील आईजवळ."

मैनेने मोरूला असं आवळलं की तो कुरकुरला.

"मी कुठं जात नाय," राही म्हणाली.

"मग पासपोर्ट कशाला काढलास?"

"पोराचं नाव त्यात हाय. मी गेले तर ते जाणार. आणि मी जात नाय."

"त्याचा वेगळा काढीन."

"काढा. आईची सही लागते. कागदावर आई मी. तुमीच सांगितलंत, दोनदा."

"कागद बदलून घेईन."

"घ्या ना. वकिलातीत जावा आणि सांगा, कुणाच्या नावावर कुणाला नांदवली ती. नोकरी राहते का, तुरुंग लागतो का, ते मला पत्राने कळवा."

भिकाजी उठला, अंगणात गेला, परत आला. मारायला हात उचलावा असं त्याच्या मनात होतं, ते तिला दिसलं. पण पासपोर्ट कुठे ठेवलाय, ते फक्त तिला माहीत होतं.

"आणि मी?" मैनेने विचारलं.

"तुझं नाव काय?"

मैनेने एकदा भिकाजीकडे पाहिलं. "मैना."

"मग मैनाच्या नावाचा काढ. मिळेल. त्यात पोर नसेल, एवढंच. पोर तुझं हाय गो, मी काय हिसकावून घेत नाय. खेळव, न्हाऊ घाल, शाळेत घाल. हर्ण्यात."

भिकाजी सकाळच्या एसटीने एकटाच गेला. मोरू गाडीमागे धावला आणि वळणावर धोंडूने त्याला उचलून परत आणलं.

त्या आठवड्यात ऊन कडक होतं. राही दोऱ्यांवर बोंबील टांगत होती, मैना खाली बसून निवडत होती. तिची बोटं काट्यांनी सोलवटली होती. सवय नव्हती. राहीने ते पाहिलं आणि आणखी एक पाटी तिच्यापुढे सरकवली.

"राही," गोदूबाईने आतून हाक मारली.

राहीने बोंबील दोरीवर अडकवला. दुसरा घेतला.

"राही गो, ऐकतेस काय?"

मैनेने मान वर करून पाहिलं. राहीचे हात चालूच होते. आत एक भांडं आपटलं. मग म्हातारीने घसा खाकरला.

"गुणवंती," ती म्हणाली, "मीठ संपलंय गो."

"मैनाला सांगा, आई."