दोन बोटं माया

मी एक जुनी मापवही आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती? तर माझ्या पहिल्या पानावर ज्या बाळाच्या झबल्याचं माप आहे, ते बाळ परवा स्वतःच्या बाळाला कडेवर घेऊन दुकानात आलं होतं. माझा लाल कापडी कणा विरला आहे आणि पुठ्ठ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग आहे. पण नाकं मुरडू नका. आज मी काचेच्या कपाटात एका छापील पुस्तकाशेजारी ऐटीत बसले आहे, आणि त्या पुस्तकाची आई मीच आहे.

माझा जन्म वह्यांच्या कारखान्यात झाला. रेघा ओढणाऱ्या यंत्राखालून जाताना गुदगुल्या झाल्या, पण दोऱ्याने शिवलं तेव्हा चांगलीच कळ आली. माझ्या गठ्ठ्यातल्या बहिणी कुणी शाळेत गेल्या, कुणी बँकेत. मी येऊन पडले शिवणकामाच्या दुकानात! माझ्यात कविता लिहिल्या जातील, निदान गणितं तरी, असं मला वाटलं होतं. नशिबी आलं काय, तर छाती, कंबर, बाही, मुंढा. पहिले काही महिने मी रुसूनच होते.

दुकान दोघींचं होतं. आमच्या बाई कापायच्या आणि शिवायच्या. त्यांची नणंद काज-बटण करायची. बाई तिला ‘वन्सं’ म्हणत, म्हणून मीही वन्संच म्हणते. वन्संची जीभ कात्रीसारखी. कुणी पोट आत ओढून माप देऊ लागलं की त्या म्हणायच्या, “श्वास सोडा हो, शर्ट घालून जेवायचंही असतं!” साऱ्या गल्लीच्या कमरेची खरी मापं माझ्या पोटात आहेत. मी आजवर कुणापाशी तोंड उघडलेलं नाही.

आता शिवणकामातला एक शब्द सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात. माणूस वाढला, अंगाने सुटला, की शिवण उसवायची आणि तेवढा कपडा सैल करायचा. त्या आतल्या कापडाला ‘माया’ म्हणतात. बाई माया बोटांनी मोजायच्या. माझ्या प्रत्येक पानावर मापांच्या खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं आहे : माया दोन बोटं.

पुढे दुकानात मोबाइल आला. मापं त्याच्यात जाऊ लागली आणि मी गेले खालच्या खणात, चिंध्यांच्या शेजारी. किती वाईट वाटलं म्हणून सांगू! वर मशिनचा आवाज ऐकू यायचा आणि वाटायचं, आपली आठवण कुणालाच कशी येत नाही?

एके दुपारी खण उघडला. बाईंनी मला बाहेर काढलं, धूळ झटकली, उलटं केलं आणि मागच्या बाजूने उघडलं. तिकडची पानं कोरी होती. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं : ‘आईने मला जन्मात एकच नवा फ्रॉक शिवला.’ मी अक्षरशः थरथरले. वीस वर्षं मापं वाहिल्यावर माझ्यात गोष्ट लिहिली जात होती!

चार वर्षं बाई रोज दुपारी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, लिहीत राहिल्या. कपड्यांच्या आणि ते घालणाऱ्या माणसांच्या गोष्टी. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्या फ्रॉकची. आई दर वर्षी एकेक शिवण उसवून तो फ्रॉक वाढवून द्यायची. बाई सातवीत असताना आई गेली. तेव्हा बाईंनी स्वतःच्या हाताने शेवटची शिवण उसवली. त्याबद्दल त्यांनी माझ्यात लिहिलं : ‘आई गेली, तरी आत दोन बोटं माया शिल्लक होती.’ पुस्तकाचं नावही तेच ठेवलं, ‘दोन बोटं माया’.

सगळं पुन्हा स्वच्छ कागदांवर उतरवून बाईंनी ते एका नामांकित प्रकाशकांकडे पाठवलं. आठ महिने काहीच उत्तर नाही. मग एकदम बोलावणं आलं. बाई चांगली साडी नेसल्या आणि धीर यावा म्हणून त्यांनी मला पिशवीत घेतलं. प्रकाशकसाहेबांच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती. मला माझ्या विरलेल्या कण्याची लाजच वाटली.

साहेब माणूस वाईट नव्हता, उगाच का खोटं बोलू? त्यांनी पानन् पान वाचलं होतं. चाळीस पानं पसरट झाली आहेत असं त्यांनी सांगितलं आणि ती खरंच पसरट होती. “पुस्तक आम्ही काढतो,” ते म्हणाले. “आमचं नाव असेल तर दुकानदार समोर मांडतात. स्वतः छापलंत तर गठ्ठे घरात पडून राहतील, बाई. फक्त हे नाव बदलू. आणि काही शब्द मी दुरुस्त केलेत. सोमवारपर्यंत कळवा.”

दुकानात येऊन बाईंनी कागद उलगडले. जिथे जिथे ‘माया’ होती तिथे तिथे लाल रेघ! समासात साहेबांनी लिहिलं होतं : ‘माया बोटांनी कशी मोजणार? चुकून पडलेला शब्द. “जास्तीचे कापड” असे करावे.’ साहेबांनी जन्मभर तयार कपडे घेतले होते, त्यांना बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार! बाईंनी लगेच फोन करून अर्थ समजावला. साहेब म्हणाले, “वाचकाला कळणार नाही हो. शेवटचा निर्णय आमचा असतो, करारातच तसं आहे.”

बाईंचा चेहरा एवढासा झाला. एवढी वर्षं लिहून दार उघडलं होतं. ते स्वतःच्या हाताने लावायचं? आणि नाही लावलं, तर आईचा तो शब्द जायचा.

“अगं वहिनी, एवढा मोठा माणूस छापतोय,” वन्सं म्हणाल्या. “एका शब्दासाठी कसली अडून बसतेस? लोक हसतील.”

“वन्सं, तुम्ही फक्त ऐका,” बाई म्हणाल्या. आधी त्यांनी साहेबांनी दुरुस्त केलेलं वाक्य वाचलं : ‘आई गेली, तरी आत दोन बोटं जास्तीचे कापड शिल्लक होते.’

“बरं, मग?” वन्सं दोरा ओवत म्हणाल्या.

मग बाईंनी मला उघडलं आणि माझ्यातलं वाक्य वाचलं.

वन्संची सुई थांबली. वन्सं कधी कुणासमोर रडल्या नव्हत्या, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “सोमवारची वाट कशाला बघतेस?” त्या म्हणाल्या. “आत्ताच नाही म्हणून सांग. नव्या मशिनसाठी पैसे ठेवलेत ना बाजूला? त्यात छापू. जुनं मशीन अजून मरत नाही.”

असं आमचं ठरलं, मित्रांनो. भीती वाटली नाही असं नाही. बाईंनी साहेबांना पत्र लिहून आभार मानले, ती चाळीस पानं त्यांच्या सांगण्याप्रमाणे कापली आणि आम्ही छापखान्याची पायरी चढलो.

छापखान्याचे काका गडबडीतले. आठवड्याने त्यांनी नमुन्याची प्रत हातात ठेवली. बाईंनी ती उघडली, बोट आत घातलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “काका, ओळींची टोकं शिवणीत गेलीत. आत माया ठेवली नाहीत तुम्ही!”

“माया? पुस्तकात?”

“मग? पुस्तकही शिवतातच ना? उघडायचं तर आत सैल नको? दोन बोटं ठेवा.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रत उलटीसुलटी केली आणि हसत सुटले. “तीस वर्षं छापतोय. असं कुणी सांगितलं नव्हतं बुवा!” त्यांनी सगळी पानं पुन्हा मांडली.

पुस्तक आलं. गठ्ठे खरंच दुकानात पडले, कापडाच्या ताग्यांवर. साहेबांचं बोलणं आठवून बाईंना दोन दिवस घास गोड लागेना. मग वन्संनी डोकं चालवलं. शिवून तयार झालेल्या प्रत्येक कपड्याच्या घडीत त्या एक प्रत सरकवू लागल्या. “वाचा. आवडलं तर घ्या, नाही तर उसवायला आणाल तेव्हा परत द्या.” एकही प्रत परत आली नाही! उलट गिऱ्हाइकं कपडे न शिवताच पुस्तकं मागायला लागली. शाळेच्या बाईंनी वर्गात वाचलं, वाचनालयाने मागवलं, आणि पावसाळा संपायच्या आत ताग्यांवरचा शेवटचा गठ्ठा संपला.

आणि एका सकाळी दुकानात कोण यावं? प्रकाशकसाहेब! हातात एक जुना कोट. “वडिलांचा आहे,” ते संकोचून म्हणाले. “परवा एका समारंभात मला बोलायचंय. हाच घालायचाय, पण बटण लागत नाही. तुमचं पुस्तक वाचलं, म्हणून विचारतो… आत असेल का हो थोडी?”

बाईंनी अस्तर उसवलं, कोट उलटा करून त्यांच्यापुढे धरला. काठाशी रंग न उडालेलं कापड होतं, अगदी नवं.

“दोन बोटं आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या वडिलांनी मुद्दाम ठेवून घेतली असणार.”

साहेब बराच वेळ त्या कापडावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “मी चुकलो, बाई. दुसरी आवृत्ती आम्हाला द्या. एका शब्दाला हात लावणार नाही.”

“दुसरी तर छापायला गेलीसुद्धा,” वन्संनी आतून सुनावलं.

बाई हसल्या. “पण पुढचं लिहून झालं की आधी तुम्हालाच दाखवीन, साहेब. ती चाळीस पानं तुम्ही बरोबर हेरली होती. छापायचं कुणी, ते मग बघू.”

त्या दिवसापासून मला खणाऐवजी इथे कपाटात ठेवलं आहे. वन्संनी नव्या रेशमी कापडाने माझा कणा सांधला आहे. आत थोडी मायाही ठेवली आहे, मी विचारलं नव्हतं तरी.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वही असेल. दूधवाल्याच्या हिशेबाची, औषधांची, नाहीतर नुसत्या पत्त्यांची. तिला रद्दीत टाकायला निघालात, तर माझी एवढीच विनवणी ऐका. आधी तिला एकदा मागच्या बाजूने उघडून बघा. आणि तिकडची पानं कोरी निघाली, तर लगेच पेन शोधा.