फरशीची मागची बाजू

मुलीचं लग्न करून दिलं त्याच वर्षी, एका सकाळी मुलांना मातीकाम शिकवणाऱ्या बाई मातीची एक फरशी उलटी धरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

“मावशी, नावं कुठं गेली?”

“कसली नावं?”

“मुलांची. प्रत्येकानं मागे काडीनं नाव कोरलं होतं. चाळीसच्या चाळीस कोऱ्या आहेत.”

आदल्या संध्याकाळी मी एकेक फरशी उलटून ओल्या स्पंजनं तिची पाठ गुळगुळीत केली होती. मुलांनी खरवडून ठेवलंय असं मला वाटलं. कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पण घरी जाऊन तरी काय करायचं होतं? लेक सासरी गेल्यापासून माझ्याच भांड्यांचा आवाज मला मोठा वाटायचा. एका फरशीच्या मागे तर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते. तिच्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला.

आमच्या कलादालनात आठवड्यातून दोनदा शाळेची सहल यायची. मुलं आधी वरच्या मजल्यावर हात मागे बांधून चित्रं बघत. मग खाली आमच्या खोलीत येत आणि बघितलेल्यातलं एखादं चित्र मातीत उठवत. वहीएवढी फरशी, तिच्यावर उंचवट्यांचं चित्र. ती आठवडाभर सुकायची, मग भट्टीत भाजायची, मग शाळेत पोचवायची. माती मळणं, बाह्या वर करून देणं, टेबलं पुसणं आणि वेळ आली तर नाकं पुसणं, हे माझं काम.

बाई खुर्चीत बसल्या. “आता शाळेला काय सांगू? कुठली कुणाची ते कसं कळणार?”

“मी सांगते,” मी म्हटलं.

“चाळीस मुलं होती, मावशी. एकदाच आलेली.”

“चाळीस जणांना माती मीच दिली ना.”

चौकीदार दारात उभा राहून ऐकत होता. “सांगेल ती, बाई. दोन वर्षांपूर्वी मी हिची छत्री नेली होती, ती अजून विसरलेली नाही.”

“परत केलीस तर विसरेन.”

मुलं जशी बसली होती तशा मी टेबलांवर फरशा मांडल्या. मी सांगत गेले आणि बाई कागदावर लिहीत गेल्या. खिडकीजवळचा जाडा, त्याच्या अंगठ्याचे ठसे रुंद. नखं खाणारी एक होती, तिच्या मातीवर नखाची खूण कुठंच नाही. एकानं आपली निम्मी माती शेजाऱ्याला दिली होती, त्याची फरशी पातळ. जुळ्या बहिणी समोरासमोर बसल्या होत्या, एकीचं झाड डावीकडे कललेलं, दुसरीचं उजवीकडे.

ओरखडेवाली शेवटी राहिली. तिच्यावर एक होडी होती आणि होडीत पाठमोरा माणूस. ती कुणाची हे आठवावंही लागलं नाही. दोन वेण्यांची, वर चित्राला हात लावला म्हणून चौकीदाराची बोलणी खाल्लेली मुलगी. सगळी मुलं हात धुवायला गेली तरी ती काडी घेऊन वाकून बसली होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, “माझ्या आजोबांना दिसत नाही. हे त्यांना हातानं बघता येईल. पोचेल ना नक्की?”

“पोचेल,” मी म्हटलं होतं. “मी बघते.”

फरशा भाजून झाल्यावर बाई मला घेऊन शाळेत गेल्या. नावं पुसली गेली आहेत, असं त्यांनी वर्गाला सांगितलं. कुणी पुसली ते सांगितलं नाही. मी एकेकाच्या हातात त्याची त्याची फरशी देत गेले. एकही चुकली नाही. जुळ्या बहिणींनी आपसांत बदलून बघितल्या आणि परत आपापल्या घेतल्या. दोन वेण्यांची मात्र वर्गात नव्हती. आठ दिवस तापानं घरी होती.

“ठेवा कपाटात,” वर्गातल्या बाई म्हणाल्या. “आली की देईन.”

“मी घरी नेऊन देते.” कपाटात ठेवीन असं काही मी त्या मुलीला म्हटलं नव्हतं.

पत्त्याचा कागद रस्त्यात तिघांना दाखवत मी गेले. शिंप्याच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या. शाल पांघरलेल्या मुलीनंच दार उघडलं. आईवडील कामावर गेले होते. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांनी जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, निम्म्या बाजारातली अक्षरं त्यांच्या हातची आहेत, हे तिनं मला उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

मी फरशी कापडातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं कडेकडेनं फिरत मध्यावर आली.

“पाणी आहे,” ते म्हणाले. “ही होडी. हा माणूस पाठ करून का बसलाय?”

“चित्रात तसाच होता.”

“चेहरा काढायचा कंटाळा, दुसरं काय.”

मुलगी हसली. “आजोबा, आता मागे वाचा. मागे तुमच्यासाठी लिहिलंय. बोटाला लागेल असं मुद्दाम खोल लिहिलंय.”

नावं पुसल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगायला पुढे सरले, तोवर उशीर झाला होता.

आजोबांनी फरशी उलटवून छातीशी धरली आणि पाठीवर बोट टेकलं. डावीकडून उजवीकडे गेलं, मग खालच्या ओळीवर आलं. मध्येच थांबायचं, पुन्हा चालू लागायचं. मुलगी समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खालच्या कडेला पोचल्यावर त्यांनी सगळा तळवा फरशीवर ठेवला.

“वाचलं.”

“सगळं?”

“सगळं. शेवटची ओळ जरा वर चढली आहे. बोर्ड असता तर गिऱ्हाइकानं परत पाठवला असता.”

“जागा संपत आली होती,” ती म्हणाली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

आजोबांनी आवाज खाली आणला. “पाठ कुणी साफ केली?”

“मी. मला वाटलं, पोरांनी खरवडलंय.”

“अक्षरं येत नाहीत?”

“नाही.”

“हात चांगला आहे. एक उंचवटा म्हणून ठेवला नाहीत.” त्यांनी फरशी पुन्हा सरळ केली. “तिला सांगू नका. आणि काय लिहिलं होतं ते विचारूही नका. मीसुद्धा विचारणार नाही.”

“तुम्हाला कळायला नको?”

“नको कसं? पण आता मी वाचलंय ना.”

पाणी पिऊन मी निघाले. मी दाराशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्हाला सुट्टी कधी असते?”

“सोमवारी.”

“घरी कोण असतं?”

“कुणी नाही.”

“मग सोमवारी या. येताना मूठभर ओली माती आणा.”

सोमवारी गेले तर फरशी खिडकीशेजारच्या भिंतीत सिमेंटनं पक्की बसवलेली. होडी बाहेर, पाठ भिंतीत. मुलगी शाळेत गेली होती. आजोबांनी मला माती थापायला सांगितली, तिच्यावर काडीनं एक अक्षर कोरलं आणि म्हणाले, “डोळे मिटा. बघून तर सगळेच शिकतात.” मी बोटानं ते अक्षर चाचपलं, मग त्याच्या शेजारी तसंच कोरायला गेले. चुकलं. पुसून पुन्हा कोरलं.

“पुसण्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही,” ते म्हणाले.

आठवड्याला दोन-दोन अक्षरं होत. लेकीची पत्रं चौकीदार वाचून दाखवायचा आणि कंटाळा आला की मधल्या ओळी गाळायचा. त्या ओळींचं मी आजोबांना एकदा सांगितलं. त्यांनी त्या दिवशी चार अक्षरं घेतली.

थंडी सुरू झाली तेव्हा आमचं शिकणं ‘म’पर्यंत आलं होतं. पुढच्या सोमवारी मी माती फडक्यात बांधून गेले, तर दाराला कुलूप होतं. मी पायरीवर उभी राहिले. शिंपी मशीन थांबवून बाहेर आला आणि त्यानं सांगितलं. आजोबा गुरुवारी दुपारी, खिडकीशी खुर्चीत बसल्याबसल्या गेले होते.